ॲडमिट असलेल्या पोरांना भेटायला जाताना काय करायचं

कुणाचं मूल ॲडमिट आहे असं कळलं की आपल्याकडे काय होतं, तर शहाळी, सफरचंदं आणि बिस्किटाचे पुडे घेऊन चार-पाच जण एकदम वॉर्डात जातात, कॉटभोवती उभे राहतात आणि पोराच्या डोक्यावरून त्याच्या आईशी बोलतात. किती उतरलाय हो चेहरा, डॉक्टर काय म्हणाले, आमच्या नणंदेच्या मुलाला पण असंच झालेलं. पोरगं मधे पडलेलं असतं आणि सगळं ऐकत असतं. आलेल्या सगळ्यांच्या मनात माया असते, त्यात शंकाच नाही, पण ती त्या पोरापर्यंत पोचतच नाही, आणि ती पोचवायची कशी एवढंच मला इथे लिहायचंय.

माझ्या भाचीला एएलएल झाला होता, म्हणजे ल्युकेमियाचा एक प्रकार, रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आणि त्याची ट्रीटमेंट दोन-अडीच ते तीन वर्षं चालते. ती आता ठणठणीत आहे, शाळेत जाते, भांडते, सगळं करते. पण त्या काळात पुण्यातल्या वॉर्डांमध्ये बसून जे बघितलं आणि नंतर दुसऱ्या मुलांकडे जायला लागले तेव्हा जे कळलं त्यातली मुख्य गोष्ट ही की दवाखान्यात पोराला कुणी काही विचारत नाही. उठायचं कधी, खायचं काय, सुई कुठे टोचायची, लाइट कधी बंद करायचा, सगळं दुसरे ठरवतात, आणि उपचार म्हटल्यावर ते तसंच होणार. म्हणूनच ज्या गोष्टीत त्याला स्वतःला काहीतरी ठरवता येतं, करता येतं, किंवा सरळ "नको" म्हणता येतं ती गोष्ट त्याला महागड्या रिमोटच्या गाडीपेक्षा जास्त आवडते. तुम्ही काहीही करायचं ठरवलंत तरी यात पोराला ठरवण्यासारखं काय आहे, हा एक प्रश्न आधी स्वतःला विचारा.

जायच्या आधी

आधी मेसेज करा, फोन नको. फोन घ्यावा लागतो, मेसेज नंतर वाचता येतो. मेसेजमध्ये "काही लागलं तर सांग" असं लिहू नका कारण कुणीही काहीही सांगत नाही, संकोच वाटतो. त्यापेक्षा "उद्या पाचला येऊ का, येताना रात्रीचा डबा आणते, तिला फक्त चित्रं काढायचं सामान आणू का अजून काही, आणि नको असेल तर बिनधास्त नको म्हण" असं लिहा, म्हणजे समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं.

सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे आलेले, यातलं काहीही असेल तर जायचं नाही. घरात किंवा तुमच्या मुलांच्या वर्गात कांजिण्या असतील तरी नाही, कारण कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतात आणि केमो, म्हणजे कॅन्सरची जहाल औषधं, चालू असलेल्या पोराला त्या जिवावर बेतू शकतात. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, वॉर्डातले आईबाप त्याला "काउंट डाउन झालेत" म्हणतात, आणि त्या दिवसांत कुणी भेटायला नको असेल तर वाईट वाटून घेऊ नका, मागच्या महिन्यात चाललं आणि आता का नाही असं तर मुळीच विचारू नका.

ससून असो, केईएम असो, भारती असो नाहीतर दीनानाथ, प्रत्येक ठिकाणी भेटायच्या वेळा वेगळ्या, पासचे नियम वेगळे, मुलांच्या वॉर्डात लहान मुलं नेलेली चालतात का नाही हेही वेगळं. वॉचमनशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, ते नियम त्या पोरांसाठीच असतात. आत गेल्यावर पहिलं काम हात धुणं, साबणाने वीस सेकंद तरी, अंगठ्या-घड्याळ काढून. आणि कॉटपाशी गेल्यावर पर्स, हेल्मेट, जर्किन पोराच्या गादीवर टाकू नका.

काय न्यायचं नाही ते आधी

ताजी फुलं आणि कुंडी नको, काउंट कमी असलेल्या मुलांना त्यातल्या बुरशी-जंतूंचा त्रास होऊ शकतो. फुगे काही हॉस्पिटलांत चालत नाहीत कारण रबराची ॲलर्जी असलेली मुलं असतात. मोठाले केसाळ टेडी धूळ धरतात, सॉफ्ट टॉय द्यायचंच असेल तर मशीनमध्ये धुता येईल असं छोटं द्या. आणि खायचं काही नेताना आईला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. केमोच्या पोराला कच्चं, कापून ठेवलेलं, बाहेरची चटणी बिटणी चालत नाही. किडनीच्या त्रासात, नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात त्यात, अंगाला सूज असेपर्यंत मीठ कमी करायला लावतात, म्हणजे वेफर्स, फरसाण, खारी सगळं बंद. तोंड आलेल्या पोरासमोर तुम्ही गरम समोसा काढलात तर त्याला काय वाटेल. सगळ्यांसमोर एका पोराला खाऊ दिला आणि शेजारच्या कॉटवरचं बघत बसलं हेही बरं दिसत नाही, तेव्हा खाऊचा मोह सोडाच.

स्टिरॉइड चालू असलेल्या पोराचं तोंड गोल सुजतं, भूक प्रचंड लागते, रात्री दोनला वरणभात मागतात आणि चिडचिड होते. अशा पोराला "अरे वा, गुबगुबीत झालास की" असं म्हणायचं नाही. तसंच "केस किती छान होते ना तुझे" हेही नको. चेहरा, वजन, केस, रंग हे विषय घराबाहेर ठेवून या.

पहिली पाच मिनिटं

खुर्ची किंवा स्टूल ओढून बसा. उभं राहू नका, त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला या. आधी पोराशी बोला, आईशी नंतर. "मी इथे बसू का?" असं विचारा आणि तो नाही म्हणाला तर खरंच बाजूला जाऊन बसा. दिवसभरात त्याच्या "नाही"ला पहिल्यांदाच कुणीतरी किंमत दिलेली असते आणि बहुतेक वेळा थोड्या वेळाने तोच हळूच बघायला लागतो की तुमच्या पिशवीत काय आहे.

कसं वाटतंय, दुखतंय का, कधी सोडणार हे प्रश्न त्याला दिवसातून दहा जण विचारतात. तुम्ही बाहेरची बातमी घेऊन जा. सोसायटीतल्या मांजरीला पिल्लं झाली, पार्किंगमधल्या मॅचमध्ये कोण आउट झाला आणि तरी बॅट सोडेना, थंडी पडली म्हणून सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर घातला, लक्ष्मी रोडला केवढी गर्दी. आजारी पोराचं जग एका कॉटएवढं झालेलं असतं आणि त्याला बाहेर काय चाललंय याची भूक असते. बातमीला शेवटी त्याचं मत मागा, पिल्लांची नावं काय ठेवायची ते तू सांग, नावं ठरली की खरंच तीच ठेवा आणि पुढच्या वेळी पिल्लांचे फोटो दाखवा. मला विचाराल तर हा एकच उद्योग बाकी सगळ्या गिफ्टांच्या वरचा आहे.

"रडू नकोस, तू शूर आहेस ना" हे बोलणं बंद करायला पाहिजे. शूर म्हटलं की पोरगं रडायचं थांबतं पण दुखायचं थांबत नाही, आणि मग ते आपल्याला काही सांगेनासं होतं. रडत असेल तर रडू दे, "हो, दुखतंय, मी इथेच आहे" एवढं पुरतं. आणि आठ-दहा वर्षांच्या पुढची पोरं झोपल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकतात हे मी अनेकदा बघितलंय, तेव्हा आजाराची चौकशी, खर्च, दुसऱ्या कुणाचं काय झालं या गोष्टी कॉरिडॉरमध्ये पण हळू आवाजात.

हातात काय द्यायचं

लक्षात ठेवा की एका हाताला सुई आणि चिकटपट्टी असते, बसायला जागा गादीएवढी असते आणि खाली पडलेली वस्तू उचलायची नसते, उचललीच तर पुसून घ्यायची. म्हणजे एका हाताने आणि पडून राहून करता येईल असं काहीतरी हवं. परीक्षेला वापरतो ते क्लिपवालं पॅड सगळ्यात कामाचं, त्याला कागद लावून दिले की मांडीवर चित्र काढता येतं. रंगाच्या बाटल्यांपेक्षा खडू नाहीतर स्केचपेन बरे. स्टिकर, मॅग्नेटवाली सापशिडी, पत्ते, कोडी. तुळशीबागेत नाहीतर अप्पा बळवंत चौकात शंभर-दोनशे रुपयांत सगळं मिळून जातं. नवीन घ्या, पुसता येईल असं घ्या, आणि दोन गोष्टी न्या म्हणजे हे का ते हे त्याला निवडता येईल, उरलेली परत घेऊन या आणि पुढच्या वेळी परत दोन न्या.

खरं तर विकतचं नसलं तरी चालतं. आपल्या पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर शेकडो खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही आहेत. त्यातलं पंख हलवणारा कागदाचा पक्षी, वर्तमानपत्राच्या टोप्या, बोटात घालायच्या बाहुल्या हे वॉर्डात मस्त जमतं. तुम्ही घरी दोन-तीनदा करून बघा, मग तिथे जाऊन करून देऊ नका, तर "हे कुठे दुमडायचं मला जमत नाहीये, बघ बरं" म्हणत त्याच्या हाताने करून घ्या. एक घडी त्याची, एक तुमची, असं केलं की सुई असलेल्या हाताला ताण पण येत नाही. टोपी झाली की ती सिस्टरला द्यायची का वॉर्डबॉय काकांना हे त्याने ठरवायचं. रोज घेणारं पोरगं कुणाला तरी काहीतरी देतंय यात त्याला जी मजा येते ती बघण्यासारखी असते.

गोष्ट वाचून दाखवताना पूर्ण वाचू नका, ऐन रंगात आली की थांबा आणि पुढे काय होईल ते त्याला सांगू द्या. त्याने सांगितलेलं चुकीचं नसतं, त्याच्या गोष्टीत राक्षसाला सलाईन लावलं तर लावू द्या. आणि ज्यांना जाणं शक्य नाही, म्हणजे आजोबा लांब आहेत किंवा तुम्हालाच सर्दी आहे, त्यांनी रोज एक-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. व्हिडिओ कॉल केला की पोराला बरं नसताना चेहरा दाखवावा लागतो, आवाजाचं तसं नाही, रात्री झोप येत नाही तेव्हा आई कानाशी लावून देते आणि आजोबांची गोष्ट तीच तीच परत ऐकता येते.

सलाईनच्या स्टँडला नाव ठेवणं हा पण एक खेळ आहे, स्टँड त्याच्याबरोबर बाथरूमपर्यंत येतो म्हणजे तो सोबतीच झाला ना. पाडव्याला सिस्टरला विचारून त्या स्टँडला रंगीत कागदाची छोटी गुढी लावता येते, फक्त नळी, पंप आणि बाटलीला हात लावायचा नाही. सण वॉर्डात न्याच, नवीन वस्तू मिळाली नाही यापेक्षा सण चुकला याचं पोरांना जास्त लागतं. गणपतीत शाडूची माती नको, कणकेचा गणपती करता येतो, संक्रांतीला तिळगूळ खाता येत नसेल तर पतंगाच्या आकाराचं भेटकार्ड करता येतं.

सुईच्या वेळी

आईबाबांनी थांबायला सांगितलं तरच थांबा. "काही नाही दुखणार" असं खोटं सांगू नका, एकदा खोटं निघालं की पुढच्या वेळी ते पोरगं दारात डॉक्टर दिसले तरी थरथरायला लागतं. "टोचेल, थोडा वेळ दुखेल, मग संपेल" असं खरं सांगा. चार जणांनी हात-पाय दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर, तिला मिठी मारून बसलेलं पोरगं कमी घाबरतं, सिस्टरना विचारलं तर बऱ्याचदा त्या हो म्हणतात. तीन-चार वर्षांच्या पोराला त्या क्षणाला साबणाचे फुगे नाहीतर भिरभिरं फुंकायला द्या, लांब श्वास सोडताना अंग सैल पडतं आणि लक्षही तिकडे जातं. मोठ्यांना सत्त्याण्णवपासून सात-सात वजा करत उलटे आकडे म्हणायला लावा. अंगावरचं पिणाऱ्या बाळाला टोचताना आईने पाजत ठेवलं तर दुखणं कमी होतं. बधिर करायचं क्रीम असतं, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला आईला सुचवा, ऐन वेळी विचारून उपयोग नाही.

आणि इथेही निवडायला ठेवा. बघायचंय का नाही बघायचं, एक-दोन-तीन कुणी म्हणायचं, वर कुठलं स्टिकर लावायचं. सिस्टर हो म्हणाल्या तर कुठला हात हेसुद्धा. नंतर बिनसुईची नवी सिरिंज मागून घ्या आणि बाहुलीला इंजेक्शन द्यायला द्या. माझी भाची तिच्या बाहुलीला इतकं प्रेमाने समजावायची की हे वाक्य आपल्याला कुणी म्हणावं असं तिला वाटत होतं ते आम्हाला तिथेच कळलं, आणि आम्ही पुढच्या वेळी तेच म्हणायला लागलो.

शाळा आणि दोस्त

पाचवी-सहावीच्या पुढच्या पोरांना सगळ्यात मोठी भीती ही की आपल्याशिवाय वर्ग पुढे गेला आणि आपल्याला सगळे विसरले. वर्गातून चाळीस भेटकार्डं येतात आणि सगळ्यांवर एकच वाक्य असतं, लवकर बरा हो, ती एकदा बघून पिशवीत जातात. तुम्ही शिक्षक असाल किंवा वर्गातल्या कुणाची आई असाल तर मुलांना सांगा की प्रत्येकाने चिठ्ठीत एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. स्नेहसंमेलनात आपण काय करायचं, तुझ्या जागेवर सध्या कोण बसलेलं चालेल, टीममध्ये ओपनिंगला कुणाला पाठवू. मग उत्तरं लिहायला त्याला काम मिळतं आणि वर्गातलं त्याचं स्थान राहतं.

अभ्यासाचं म्हणाल तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, दप्तर आणायची गरज नाही. ज्या दिवशी त्याला बरं वाटतं त्या दिवशी अर्धा तास एखादा धडा, तो पण त्याने निवडलेला. परीक्षेची आठवण करून देऊ नका, ते शाळा आणि आईबाप बघतील.

परत शाळेत जायच्या वेळी वर्गाला काय सांगायचं, कुणी सांगायचं, टोपी घालायची का रुमाल का काहीच नाही हे त्याला किंवा तिला विचारूनच. त्याला पाठिंबा म्हणून सगळ्यांनी टक्कल करायचं असलं काही त्याने मागितल्याशिवाय करू नका, काहींना ते आवडतं, काहींना आपल्यावर अजून लक्ष वेधलं गेलं असं वाटून नकोसं होतं. आणि इतर पालकांना एवढं नक्की सांगा की कॅन्सर शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने होत नाही, उलट आपल्या पोराच्या सर्दीचा त्याला धोका आहे. हे सांगायला एखादी समजूतदार आई पुढे आली तर त्या आजारी पोराच्या घरच्यांवर केवढे उपकार होतात.

आई-बाबा आणि घरी राहिलेलं भावंड

आई झोपली असेल तर पोरगं खुश असतं, असं मला एका अनुभवी सिस्टरने सांगितलं होतं आणि ते शंभर टक्के खरं आहे. तेव्हा आईसाठी केलेलं थेट पोरापर्यंत जातं. तासभर तुम्ही पोरापाशी बसा आणि तिला म्हणा जा, आंघोळ कर, नाहीतर खाली जाऊन चहा पिऊन ये. डबा द्यायचा तर गरम, साधा, भाकरी-भाजी, वरणभात, आणि परत न द्यावा लागणारा डबा, स्टीलचे डबे जपायचं अजून एक काम तिला नको. लांब वायरचा चार्जर, उशीचा अभ्रा, चपला, धुऊन आणलेले कपडे. या गोष्टी कुणी आणत नाही.

पुण्यात सोलापूर, बीड, लातूर, नगरकडून बरेच जण मुलांना घेऊन येतात, इथे त्यांचं कुणी नसतं, पोरगं वॉर्डात आणि बाप जिन्याखाली झोपलेला. अशा कुटुंबाला झेरॉक्स कुठे, रात्री मेडिकल कुठलं उघडं, कुठली बस कुठे जाते हे दाखवणं पण मदतच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल सांगा, त्यात वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं आणि १५५३८८ हा हेल्पलाइन नंबर आहे. ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याच्याबरोबर त्या टेबलापाशी जाऊन उभं राहा.

घरी आत्याकडे नाहीतर आजीकडे ठेवलेलं धाकटं भावंड हे सगळ्यात विसरलं जाणारं मूल. आई-बाबा दादाकडेच असतात, येणारे जाणारे दादाबद्दलच विचारतात, खेळणी दादालाच. त्याला एक दिवस पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवा, ती १९५६ पासून पोरांना फिरवतेय, नाहीतर कात्रजला प्राणी बघायला न्या आणि तिथे दादाचा विषय त्याने काढला तरच बोला. दोघांना एकमेकांना काहीतरी पाठवत राहू द्या, चित्र, व्हॉइस मेसेज, भांडणसुद्धा.

रक्त

हे लहान काम वाटतं पण लिहितेच. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, मे महिना असो की दिवाळी, आणि नेमकं तेव्हाच कॉलेजं बंद म्हणून शिबिरं कमी होतात. तुम्ही १८ ते ६५ मधले असाल, वजन ४५ किलोच्या वर असेल, हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी देता येतं. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून ल्युकेमियाच्या पोराला किंवा पावसाळ्यात डेंगीच्या एखाद्या सिरियस केसला ऐन वेळी माणूस लागतो. प्लेटलेट देण्याचे नियम थोडे वेगळे आहेत, जनकल्याणसारख्या रक्तपेढीत किंवा हॉस्पिटलच्याच रक्तपेढीत जाऊन आधी नाव नोंदवून ठेवा. आणि पोराला सांगू नका की तुझ्यासाठी रक्त दिलं, त्याच्यावर उपकाराचं ओझं कशाला.

ग्रुपने जाणार असाल तर

वाढदिवसाला पंधरा जणांनी बॅनर घेऊन वॉर्डात जायचं, फळं वाटायची आणि फोटो काढायचे हे मनापासून सांगते, नका करू. त्या पोरांनी फोटोला हो म्हटलेलं नसतं. त्यांचे फोटो स्टेटसला, ग्रुपवर, कुठेही नको, आईने हो म्हटलं तरी पोराला विचारा, मोठं झाल्यावर त्याला ते नको असू शकतं. त्यापेक्षा तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना जाऊन भेटा, सरकारी हॉस्पिटलात हे पद असतं, आणि वॉर्डाला काय कमी आहे विचारा. उत्तर बहुतेक वेळा डायपर, चादरी, खडूच्या पेट्या असं येतं. ग्रुपमधल्या ज्या दोघांना खरंच वेळ आहे त्या दोघांनीच दर आठवड्याला जावं, बाकीच्यांनी सामानाचे पैसे द्यावेत.

मोठ्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्था पण आहेत. मेक-अ-विश माहीत असेल, ती सुरू झाली १९८० मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात, ल्युकेमिया झालेल्या ख्रिस नावाच्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचं होतं आणि तिथल्या पोलिसांनी त्याला खरा युनिफॉर्म शिवून एक दिवस पोलीस केलं, त्यातून. भारतात ती १९९६ पासून आहे आणि तीन ते अठरा वयाच्या गंभीर आजारी मुलांसाठी काम करते. मला त्यात आवडतं ते हे की त्या लोकांनी पहिल्यांदा मुलाला विचारलं, तुला काय व्हायचंय.

परत जाणं

पहिल्या महिन्यात सगळे येतात, सहाव्या महिन्यात कुणी नसतं, आणि ट्रीटमेंट मात्र चालूच असते. म्हणून एकदम चार तास बसण्यापेक्षा ठरलेल्या वारी वीस मिनिटं बरी. पुढच्या वेळी येणार असं म्हणालात तर या, येता येणार नसेल तर आधी कळवा, आणि जे जमणार नाही ते कबूल करू नका, पोरं वार मोजून ठेवतात. झोपलं असेल तर उठवू नका, कागदावर चित्र नाहीतर कोडं लिहून उशाशी ठेवा. "आज नको" म्हणालं तर "बरं, गुरुवारी येते" म्हणायचं आणि गुरुवारी जायचं. तब्येत फार बिघडली, आता फारशी आशा नाही असं कळलं तर लोक यायचे थांबतात, काय बोलावं सुचत नाही म्हणून. तेव्हा तर जाच. काही नवीन करू नका, तीच गोष्ट, तोच पत्त्यांचा डाव, तेवढाच वेळ, आईबाबांना हवं असेल तोपर्यंत.

घरी सोडल्यावर पण बरेच महिने गर्दीत जायचं नसतं, मातीत खेळायचं नसतं, धूर चालत नाही. सोसायटीतल्या लोकांनी एवढं करावं की दिवाळीत त्या बिल्डिंगखाली फटाके न लावता लांब मैदानात लावावेत, आणि हे त्याच्या आईला सांगत फिरायला लागू नये, सेक्रेटरींनीच नोटीस काढावी. पार्किंगमधल्या मॅचला त्याला बाल्कनीतून स्कोअर लिहायचं काम द्या. आणि पोरं मातीचा किल्ला करतात तेव्हा त्याच्यासाठी वेगळा पुठ्ठ्याचा करायला सामान वर पाठवा, बुरूज, दरवाजा, सगळं त्याने चिकटवायचं. कुंभारवाड्यातून मावळे आणाल ते ओल्या फडक्याने पुसून त्यालाच आधी द्या, खालच्या किल्ल्यावर कुठला मावळा कुठे उभा राहणार हे तो वरून ओरडून सांगेल, आणि खालच्या पोरांनी त्याचं ऐकायचं.